परीक्षा आणि घरचें आजारी मांजर

सोनपेठसारख्या गांवचीं पुष्कळ मुलें वरच्या शिक्षणासाठीं परभणीस राहतात व सणासुदीस घरीं येतात. मागें त्यांचें लाडकें मांजर आजारी पडलें, म्हणजे “परीक्षा होऊं द्या, मग सांगूं,” असें वडील माणसें ठरवितात. हेतु चांगला, पण मूल सुट्टीस येतें, उंबऱ्यावरूनच मांजरास हांक मारतें, आणि सर्वजण गप्प! पुढें घरच्या पत्रांतील “सर्व कुशल” त्याला खरें वाटत नाहीं.

म्हणून खरें तें सांगावें, आणि काय उपाय चालले आहेत तेंहि सांगावें. म्हातारें मांजर फार पाणी पिऊं लागलें व वाळत चाललें, तर मूत्रपिंडाचा विकार असूं शकतो. २४ तास अन्नास तोंड लावलें नाहीं, तर पशुवैद्यास दाखवावें. उपास लांबल्यास यकृतांत चरबी सांठून जिवावर बेततें. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊं नये. तिचें विष निवारण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते; एक गोळीहि प्राण घेऊं शकते.

परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें चौकशी करण्याचें काम त्या मुलासच सांगावें; नुसत्या काळजीपेक्षां हातीं काम असलेलें बरें. आशा नसेल, तर एखाद्या रविवारीं त्यास घरीं बोलवावें. अभ्यासाचा बुडालेला दिवस भरून काढतां येतो. हुकलेली शेवटची भेट येत नाहीं.