समितीकडे गेलेले विधेयक



२०२१ च्या डिसेंबरातली गोष्ट. बारावीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. मुलीला अठरा पूर्ण झाली की नाही, हे त्यांना रजिस्टरवर पाहायचे होते. म्हणाले, "सर, मुलीच्या लग्नाचं वय एकवीस होणार म्हणे. कायदा व्हायच्या आत निकाह उरकून टाकतो." आम्ही म्हणालो, "विधेयक समितीकडे गेलंय, घाई कशाला?" त्यांनी विचारले, "समितीकडे गेलं म्हणजे काय?" आम्हाला ते नीट सांगता आले नाही. फेब्रुवारीत निकाह झाला. मुलगी परीक्षेला बसलीच नाही.

ते उत्तर आज देत आहोत, उशिरा का होईना.

या समित्यांशी आपल्या गावाचे नाते आहे. आपल्या चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष होते, तेव्हा १९९३ साली संसदेत खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. आधी १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. ब्रिटनच्या संसदेत मानवी हक्कांसाठी २००१ पासून वेगळी संयुक्त समिती आहे. आपल्याकडे हे काम विषयाप्रमाणे वाटलेले आहे.

विधेयक आले की समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते, जाणकारांना आणि संस्थांना साक्षीला बोलावते. बहुधा जाहिरात देऊन लोकांचे लेखी म्हणणेही मागवते. बैठका बंद दाराआड होतात. अहवाल मात्र सभागृहात मांडला जातो आणि ज्या सदस्याला तो पटला नाही, त्याचे वेगळे मतही त्याला जोडले जाते. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

बालविवाह प्रतिबंधक कायद्यातल्या दुरुस्तीचे ते विधेयक शिक्षण, महिला व बालकल्याण पाहणाऱ्या समितीकडे गेले. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे विनय सहस्रबुद्धे. मुलींच्या आयुष्याचा प्रश्न, पण ३१ जणांत महिला एकच, सुष्मिता देव. समितीला मुदतवाढ मिळत गेली आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक संपुष्टात आले. मुलींचे कायदेशीर वय आजही अठराच आहे. विधेयकात असेही लिहिले होते की, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर दोन वर्षांनी कायदा लागू होईल. म्हणजे ते मंजूर झाले असते तरी त्या मुलीची परीक्षा आरामात झाली असती. एवढे एक वाक्य आम्हाला त्या दिवशी ठाऊक हवे होते.

२०२४ मध्ये वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीने मते मागवली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी मोबाइलवरून मत पाठवले. चांगलेच झाले. पण मुलींच्या वयाच्या विधेयकावर आम्ही स्वतः एक ओळ लिहिली नाही. वर्गातल्या मुलींनाही विचारले नाही की, बायांनो, तुम्हाला काय वाटते? एकवीस कोणाला योग्य वाटेल, कोणाला नाही वाटणार. पण ज्यांचे लग्न, त्यांचा मशवरा आधी घ्यायला हवा होता.

पुढच्या वेळी कोणी "कायदा येतोय" म्हणत घाबरून आले, तर आधी तीन गोष्टी विचारू या. विधेयक कुठे आहे? लागू कधी होणार? आणि घरातल्या मुलीचे म्हणणे काय?