विश्लेषण : अमेरिकेत नास्तिक नेता उघडपणे बोलत का नाही?

अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षासाठी जी शपथ लिहून दिली आहे, तिच्यात देवाचे नाव नाही. ज्याला शपथ नको, त्याने नुसती प्रतिज्ञा करावी, अशीही सोय तिथेच आहे. तरीही अलीकडचे सारे अध्यक्ष शपथेच्या शेवटी देवाला साकडे घालतात आणि बहुतेकांचा हात बायबलवर असतो. आजवर एकही अध्यक्ष उघड नास्तिक म्हणून निवडून आलेला नाही. कायदा आडवा येत नसताना असे का होते?

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावता येत नाही. राज्यांनी मात्र आपापले नियम ठेवले होते. मेरीलँडमध्ये रॉय टोर्कासो यांची नोटरी म्हणून नियुक्ती झाली, पण देवावर विश्वास असल्याचे जाहीर करायला त्यांनी नकार दिला आणि पद गेले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे अशा अटी निष्प्रभ झाल्या. पण टेक्सास, टेनेसी, मेरीलँडसह सात राज्यांच्या घटनांत त्या आजही छापील स्वरूपात शिल्लक आहेत. त्या काढून टाकण्याचा ठराव आणणे म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर विरोधकांच्या हाती कोलीत देणे. मग कोण आणणार?

हा दबाव जुनाच आहे का?

होय. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफर्सन यांच्यावर ते नास्तिक असल्याचा आरोप झाला होता. १८४६ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यासमोर पीटर कार्टराइट हे मेथडिस्ट धर्मोपदेशक उभे होते. आपण ख्रिस्ती धर्माची टिंगल करत नाही, असा खुलासा करणारे पत्रक लिंकन यांना तेव्हा काढावे लागले. ते अखेरपर्यंत कोणत्याही चर्चचे सदस्य झाले नाहीत.

शीतयुद्धाने या संशयाला नवी धार दिली. सोव्हिएत साम्यवाद निरीश्वरवादी, म्हणून देव मानणे हेच देशभक्तीचे लक्षण ठरले. ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये अध्यक्ष झाल्यावर बाप्तिस्मा घेतला. १९५४ मध्ये राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख आला आणि १९५६ मध्ये ‘देवावर आमचा विश्वास आहे’ हे राष्ट्राचे अधिकृत ब्रीद झाले. साम्यवादाची भीती ओसरली, पण नास्तिक म्हणजे परका ही समजूत मागे उरली.

आकडे काय सांगतात?

नास्तिक उमेदवाराला मत द्याल का, या ‘गॅलप’च्या प्रश्नाला १९५८ मध्ये फक्त १८ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०१९ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांवर गेले. प्रगती मोठी आहे, पण त्याच पाहणीत मुस्लीम उमेदवाराला ६६ आणि समलिंगी उमेदवाराला ७६ टक्के लोक मत द्यायला तयार होते. काही हजार मतांनी राज्ये हातची जाणाऱ्या निवडणुकीत एवढी नाराजी कोणता पक्ष ओढवून घेईल?

दुसरीकडे समाज बदलला आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’नुसार सुमारे २८ टक्के प्रौढ अमेरिकी कोणताही धर्म सांगत नाहीत. त्यातले सगळे नास्तिक नाहीत, हे खरे. पण जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, असे सांगणारे सदस्य एक टक्काही नव्हते. याच सभागृहांत चार हिंदू सदस्य आहेत. त्यातले एक, मिशिगनचे श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ. म्हणजे देव कोणता, यावर अमेरिकी मतदार हळूहळू का होईना, तडजोड करू लागला आहे. देवच नाही म्हणणाऱ्याशी मात्र त्याचे अजून जुळलेले नाही.

उघडपणे बोलणाऱ्यांचे काय झाले?

कॅलिफोर्नियाचे पीट स्टार्क यांनी २००७ मध्ये आपण परमेश्वर मानत नसल्याचे जाहीर केले. त्यानंतरही ते दोनदा निवडून आले. त्याच राज्याचे जेरेड हफमन यांनी २०१७ मध्ये स्वतःला मानवतावादी म्हटले, तेही पुढे निवडून येत राहिले. पण हे दोघेही डेमोक्रॅट पक्षाच्या भक्कम मतदारसंघांतले. मॅसॅच्युसेट्सचे बार्नी फ्रँक यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी १९८७ मध्ये, पदावर असताना सांगितले. नास्तिक असल्याची जाहीर वाच्यता मात्र २०१३ मध्ये, खासदारकी संपल्यावर केली.

उलटा प्रवास सोपा जातो. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स एकेकाळी स्वतःला नास्तिक म्हणवत. २०१९ मध्ये ते कॅथलिक झाले आणि आज श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की हाच प्रवास उलट दिशेने केलेला नेता तो इतक्या मोकळेपणाने सांगू शकेल का?

मग नुकसान कुणाचे?

नास्तिकांचे तर आहेच, पण त्याहून अधिक श्रद्धाळूंचे आहे. १९८० ची निवडणूक पाहा. जिमी कार्टर हे आयुष्यभर रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे सच्चे बाप्टिस्ट. तरीही कट्टर प्रोटेस्टंट मतदार मोठ्या संख्येने रोनाल्ड रेगन यांच्याकडे गेले, जे अध्यक्षपदाच्या काळात चर्चमध्ये क्वचितच दिसत. जून २०२० मध्ये व्हाइट हाऊसजवळच्या चौकातून निदर्शकांना हटवल्यावर डोनाल्ड ट्रम्प चर्चसमोर बायबल उंचावून उभे राहिले. निवडणुकीच्या बाजारात श्रद्धेपेक्षा तिची खूण अधिक चालते. खूण दाखवणे सक्तीचे झाले, की खरा भक्त आणि देखावा करणारा यांत फरक उरत नाही.

उमेदवार काय मानतो, हे जाणून घेण्याचा मतदाराला अधिकार आहे. पण खरे उत्तर दिल्यास शिक्षा होणार असेल, तर त्याला खरे उत्तर मिळणार नाही. गर्भपात, शाळा, युद्ध या विषयांवर नेता कोणत्या कारणाने मत देतो, हे तपासायचे तर त्याला मनातले बोलता आले पाहिजे. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी धर्माची कसोटी नाकारली, तेव्हा कायद्यापुरता हा प्रश्न सुटला. मतदाराने ती कसोटी स्वतःच्या मनात जपून ठेवली आहे. तिथे कोणतेही न्यायालय पोहोचत नाही. ती सोडून देणे त्याच्याच हाती आहे.