साक्षीची परीक्षा

यंत्र खोटे बोलत नाही, अशी एक ठाम समजूत सुशिक्षित घरांतून आढळते. गेल्या श्रावणापर्यंत आमचीही तीच होती.

आमच्या फ्रीजच्या दारावर बर्फाच्या कप्प्याचे उष्णतामान आकड्यांत उमटते. तेथे उणे १८ अंश हा आकडा स्थिर होता. त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींची रक्तशर्करा, इन्शुलिन नेमाने चालू असूनही, वाढू लागली. आम्ही उपवासाच्या साबुदाण्यावर ठपका ठेवला. त्या म्हणाल्या, “अहो, पथ्य मी मोडलेले नाही, पण खालच्या कप्प्यातली कोथिंबीर काचेसारखी होते आहे, ती पाहा.” आम्ही दारावरचा आकडा दाखविला व त्यांना गप्प केले.

चार दिवसांनी इन्शुलिनच्या कुपीतच बर्फाचे कण दिसले. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. एकदा गोठले, की वितळल्यावरही त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही; ते टाकूनच द्यावे लागते.

मग आम्ही एक स्वतंत्र थर्मामीटर बर्फाच्या कप्प्यात पुड्यांच्या मध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो उणे २७ दाखवीत होता. दारावर मात्र उणे १८च! दाराचे रबर शाबूत होते, मागे हिमाचा थरही नव्हता. संशय सेन्सरवर आला.

हा सेन्सर म्हणजे बहुधा थर्मिस्टर असतो. थंडी वाढली की त्याचा विद्युत्-रोध वाढतो, व त्या रोधावरून फ्रीजला उष्णतामान कळते. सेन्सरात ओल शिरली तर विजेला आडवाट मिळून रोध घटतो. पुरेशी थंडी नाही असा भास होतो आणि काँप्रेसर धावत राहतो. उलट, तारेचा जोड गंजला तर रोध वाढतो, काँप्रेसर लवकर थांबतो व बर्फ वितळू लागतो.

कारागिराने फ्रीजचा प्लग काढून सेन्सर सोडविला, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात बुडविला. हे मिश्रण ढवळत राहिल्यास शून्य अंशावर असते. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे तेथे सुमारे ३३ हजार ओहम रोध हवा होता. मीटरने २८ हजार दाखविला. तक्ता प्रत्येक जातीच्या सेन्सरचा निराळा असतो. म्हणून नवा सेन्सर त्याच तक्त्याचा पाहून बसविला. आतील विजेचे काम मात्र वाचकांनी जाणत्याकडूनच करवून घ्यावे.

ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः असते, असे मीमांसक म्हणतात. ते परतः, म्हणजे अन्य साधनाने, ठरते असे नैयायिक म्हणतात. हा वाद आम्हांस मुखोद्गत होता. परंतु दारावरचा आकडा म्हणजे त्याच बिघडलेल्या सेन्सरची साक्ष, हे काही ध्यानात आले नाही. कोथिंबीर प्रत्यक्ष समोर होती, आणि ती दाखविणारे माणूसही.

नव्या इन्शुलिनने शर्करा आटोक्यात आली. साबुदाण्याचा ठपका आम्ही बिनशर्त मागे घेतला. थर्मामीटर आता कायमचा कप्प्यात असतो. रोज सकाळी दारावरचा आकडा आम्ही वाचतो व थर्मामीटरचा आकडा सौभाग्यवती वाचतात. दोहोंत अंतर पडले, तर त्यांचा खरा धरावयाचा, असे ठरले आहे.