कांदा लोणंदचा, अटी कुणाच्या?

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला, वजन झाले, पट्टी हाती पडली की शेतकऱ्याच्या लेखी व्यवहार पुरा होतो. परंतु त्याच कांद्याला परदेशाची वाट धरायची असेल, तर खरा व्यवहार तेथून पुढे सुरू होतो. आणि त्याचे भवितव्य बहुधा तीन अक्षरांत सामावलेले असते.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने या अटी प्रथम १९३६ साली संहिताबद्ध केल्या. २०२० च्या आवृत्तीत अशा अकरा अटी आहेत. ‘एफओबी’ म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची. ‘सीआयएफ’मध्ये जहाजभाडे आणि विमा विक्रेताच भरतो, मात्र जोखीम येथेही माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. खर्च दुबईपर्यंतचा, जोखीम न्हावा-शेव्यापर्यंतची! हा भेद न उमगल्यास तंटा अटळ.

कांदा नाशवंत. जहाजाची वाट पाहत कंटेनर बंदरात पडून राहिला, तर ‘एफओबी’ करारात ती नासाडी विक्रेत्याच्याच माथी. म्हणूनच कंटेनरसाठी ‘एफसीए’ ही अट सुचविली जाते. तीत ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की विक्रेत्याची जोखीम संपते.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावले, ते ‘एफओबी’ हिशेबानेच. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती शुल्कासह खुली झाली आणि उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. अशा निर्णयाचा फटका कोणी किती सोसायचा, हे तीन अक्षरे पुरतेपणी सांगत नाहीत. त्यासाठी करारात स्वतंत्र कलम हवे.

प्रश्न स्वावलंबनाचाही आहे. ‘एफओबी’ने विकणारा जहाज निवडण्याचा अधिकार खरेदीदाराला देतो, तर ‘सीआयएफ’ने विकत घेणारा तो विक्रेत्याला. निर्यात पहिल्या अटीवर आणि आयात दुसऱ्या अटीवर केली, की दोन्हीकडचे भाडे कोणाच्या जहाजाला द्यायचे, हे परकाच ठरवतो. वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, ते हीच मक्तेदारी मोडण्यासाठी. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र आवेशापोटी ‘सीआयएफ’ पत्करणे हा उपाय नव्हे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडील भाडी कडाडली. आधीच दर ठरवून बसलेल्या विक्रेत्याला अशा वेळी नफ्यावर पाणी सोडावे लागते.

स्वदेशी जहाजे वाढायला वेळ लागेल. अटींचे ज्ञान मात्र आजच मिळवता येते. बाजार समित्या आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ते मराठीतून तरुणांपर्यंत न्यावे. कांदा पिकविण्यात जी जाण दिसते, तीच सही करतानाही दिसली पाहिजे. न वाचता केलेली सही हीसुद्धा एक परवशताच होय.