आलं तसं पुढं पाठवलं

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्या शिरूर अनंतपाळच्या एका ग्रुपवर मेसेज पडला. "सावधान! लेकरं पळवणारी टोळी तालुक्यात फिरतेय." खाली जवळच्या एका गावाचं नाव, सोबत अंधुक फोटो. दहा मिनिटांत तोच मेसेज आणखी दोन ग्रुपवर आला. एका ओळखीच्या भाऊंचा फोन आला, "दादा, तीन ठिकाणी आलंय म्हणजे काहीतरी असंलच की."

मला आजीनं सांगितलेली पंचतंत्रातली गोष्ट आठवली. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर तीन ठग उभे. पहिला विचारतो, "महाराज, खांद्यावर कुत्रं कशाला?" ब्राह्मण चिडतो. दुसराही तेच विचारतो, तेव्हा मनात शंका येते. तिसऱ्यानंही कुत्रंच म्हटल्यावर तो बोकड टाकून घरची वाट धरतो. लहानपणी आम्ही त्याला पोट धरून हसायचो. आज आपण वेगळं काय करतोय? तीन ग्रुपवर आलं म्हणजे तीन साक्षीदार झाले, असं होत नाही. एकच माणूस तीन ठिकाणी बोललेला असू शकतो.

यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. लेकरं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. डौर वाजवत, नाथांची गाणी म्हणत दारोदार फिरणारा हा समाज. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणात गाणी-गोष्टी आणल्या, त्यांचाच जीव एका खोट्या गोष्टीनं घेतला. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

आता खरं सांगतो. त्या दिवसांत तसलाच एक मेसेज मीही पुढं पाठवला होता. वर "काळजी घ्या" एवढं लिहून. पत्रकारितेची पदविका घेतलेला, रोज बातमी तपासून देणारा माणूस मी. पण ते माझ्या बातमीत नव्हतं, घरच्या ग्रुपवर होतं, म्हणून तपासलं नाही. राईनपाड्याची बातमी आली तेव्हा पहिल्यांदा तो मेसेज काढून टाकला. पण ज्यांनी तो वाचला त्यांच्या डोक्यातून कसा काढणार?

कुणी म्हणेल, काळजीपोटी पाठवलं, त्यात वाईट काय? त्याचंही उत्तर आजीच्याच गोष्टीत आहे. आई पाण्याला गेलेली, पाळण्यात लेकरू, राखणीला पाळलेलं मुंगूस. साप येतो, मुंगूस त्याला मारतं आणि रक्ताळलेल्या तोंडानं दारात आईला सामोरं जातं. आईला वाटतं, यानंच माझं लेकरू खाल्लं. ती भरलेली घागर त्याच्या अंगावर टाकते. आत जाऊन बघते तर लेकरू हसतंय. त्या आईची माया खोटी नव्हती. तिनं फक्त आधी आत जाऊन बघितलं नाही.

आणि एकदा निघालेला शब्द किती दूर जातो, ते आपल्या "ध चा मा"मध्ये आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी "धरावे"चं "मारावे" केलं, असं आपण ऐकत आलो. एका अक्षरानं जीव जातो, हा धडा खराच. पण आनंदीबाईंनीच ते केलं याला ठोस पुरावा नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोषी धरलं ते राघोबादादांना. तरी अडीचशे वर्षं त्या बाईचं नाव त्या म्हणीला चिकटलेलंच आहे. शब्द जपून वापरा म्हणून सांगतानासुद्धा आपण न तपासता एकाचं नाव पुढं पाठवत राहिलो. मीही शाळेच्या भाषणात ते ठासून सांगितलंय.

"लबाडी करू नको" एवढंच त्या गोष्टी सांगत नाहीत. ऐकणाऱ्यालाही त्या सोडत नाहीत. ठग लबाड होते, पण बोकड टाकलं ते ब्राह्मणानं. "मी लिहिलं नाही, आलं तसं पुढं पाठवलं" ही सबब तिथं चालत नाही.

परवाच्या मेसेजचं सांगायचं राहिलं. ज्या गावाचं नाव होतं, तिथं फोन केला. दोन मिनिटं लागली. तसं काहीच घडलेलं नव्हतं. तेवढं ग्रुपवर लिहिलं. ते मात्र कुणी पुढं पाठवलं नाही.

तालुक्यात भांडी, कपडे, औषधी विकायला, भिक्षा मागायला बाहेरची माणसं नेहमीच येतात. शंका आली तर ११२ वर फोन करा. हात उचलू नका, फोटो काढून फिरवू नका. आणि ही पोस्टसुद्धा माझं नाव बघून शेअर करू नका. आधी तपासा, मग पाठवा.