बिनपगारी, पण वेठ नव्हे

नाहूरच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे. मुलगा कारखान्यात कामाला. त्याचा मित्र पुणे ते गोवा सायकल शर्यतीत उतरणार आहे आणि त्याच्या मागच्या गाडीत बसून मदत करायला मुलगा रजा टाकून निघाला आहे. मोबदला काही नाही, उलट दोन दिवसांचा पगार बुडणार. माउली लिहिते, "आपल्या वाडवडिलांनी फुकट राबून जन्म काढला. आता पोराने पुन्हा तेच करायचे काय?"

प्रश्न रास्त आहे. महारकी वतनात आपल्या माणसाला रात्र-दिवस असे काही नव्हते. टपाल पोचवा, सरकारी खजिन्याबरोबर चाला, साहेबाच्या गाडीपुढे धावा. घरचा कर्ता गावात नसला तर बाप, भाऊ, बायको, जे सापडेल त्याला कामाला जुंपत. परमपूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते याचसाठी. वतन कायद्याने संपायला मात्र 1958 साल उजाडले. असा इतिहास अंगावर असलेल्या घरात 'फुकट काम' या शब्दाने काळजात चर्र होणारच.

पण हे काम काय असते ते आधी पाहू. पुणे-गोवा शर्यत सुमारे साडेसहाशे किलोमीटरची. सायकलवाला दिवसरात्र चालवतो, मागे त्याची स्वतःची गाडी असते. गाडीतली माणसे त्याला पाण्याची बाटली देतात, इलेक्ट्रालचे पाणी, केळी, भात देतात, पंक्चर काढतात, वळण चुकू देत नाहीत. रात्री गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तो पुढे चालवतो. किती प्याला, लघवीला कधी गेला, याचीही वहीत नोंद ठेवतात. हे सगळे करणाऱ्यांना क्रू म्हणतात. सायकलवाला पेंगू लागला की त्याच्याशी बोलत राहायचे, हेही त्यांचेच काम.

याहून मोठी शर्यत अमेरिकेत 1982 पासून होते. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ती जोडीने पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली एकट्याने पोचले. 2019 साली आपल्या नाहूरच्या खाडीपलीकडचे, नवी मुंबईचे कबीर राचुरे पोचले, 11 दिवस 22 तास 43 मिनिटांत. मुदत संपायला दीड तासही उरला नव्हता. त्यांच्या क्रूची प्रमुख होती त्यांची बहीण, सपना राचुरे.

क्रूप्रमुखाचा अधिकार केवढा, ते ध्यानात घ्या. सायकलवाल्याने कधी झोपायचे, किती झोपायचे, अंगात ताप असेल तर थांबायचे की नाही, हे प्रमुख ठरवतो. कारण न झोपलेल्या माणसाला स्वतःचे बरेवाईट कळत नाही. एक तास जास्त झोपू दिले तर मुदत हुकायची, कमी दिले तर पोर सायकलवरून कोसळायचे. बहिणीने भावाला हुकूम द्यायचा आणि भावाने तो ऐकायचा, हे आपल्या घराघरांत किती ठिकाणी चालते, वाचकांनीच सांगावे! वेठबिगाराला असा अधिकार कधी होता काय?

भिक्खू आनंदांची कथा विहारात आपण ऐकतो. त्यांनी तथागतांची पंचवीस वर्षे सेवा केली. पण सेवा पत्करण्याआधी त्यांनी आठ अटी घातल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. तथागतांना मिळालेले उत्तम चीवर मला देऊ नये, त्यांना मिळालेली भिक्षा देऊ नये, अशा चार अटी स्वतःचा लाभ टाळण्याच्या. लांबून आलेल्यांना केव्हाही भेटीस आणता यावे, शंका आली की लगेच विचारता यावी, माझ्या गैरहजेरीत दिलेली देशना मला पुन्हा सांगावी, अशा चार अटी कामाच्या. तथागतांनी सर्व मान्य केल्या. साक्षात बुद्धांपुढे अटी घालता येतात, मग मित्रापुढे का नको?

तेव्हा भगिनी, मुलाला अडवू नका. मात्र निघण्यापूर्वी त्याने मित्राशी स्पष्ट बोलावे. डिझेल, टोल, जेवण यांचा खर्च मित्राचा, आणि तो आधी हातात. थांबवण्याचा शब्द कोणाचा चालणार, तेही आधी ठरवावे. गाडी चालवायला लायसनवाले किमान दोघे हवेत, आणि एक चालवत असताना दुसऱ्याने खरोखर झोपायचे, गप्पा मारत बसायचे नाही. जागरणाने डोळा लागायची भीती सायकलवाल्याइतकीच मागच्या ड्रायव्हरलाही असते, आणि त्याच्या गाडीच्या पुढ्यातच मित्र असतो. रात्री दोननंतर स्टिअरिंगवर कोण, हे पुण्यातच कागदावर लिहून घ्यावे. झोप आली म्हणणाऱ्याला कोणी हसले, तर गाडी तिथेच कडेला लावावी.