बहिष्काराचा मेसेज आणि बाजाराची पिशवी

खानावळ चालवणाऱ्या बाईला आठवडी बाजार दोनदा करावा लागतो. एकदा सकाळी, माल उतरत असतो तेव्हा, आणि एकदा दिवे लागायच्या आधी, खेड्यावरून आलेल्या बायकांना परतीची जीप गाठायची घाई असते तेव्हा. ज्यात निवड लागते ते सकाळी घ्यायचं : वांगी, दोडके, गवार. मेथी, शेपू, कोथिंबीर, टोमॅटो संध्याकाळी. हा माल पुढच्या बाजारापर्यंत टिकत नाही हे घेणारीला ठाऊक असतं आणि विकणारीलाही, म्हणून सकाळचा भाव संध्याकाळी निम्म्यावर येतो. बीड जिल्ह्यातल्या वडवणीत माझ्याकडे तीस-पस्तीस ताटं होतात. बँकेतले, शाळेवरचे, शिकणारी पोरं. ताटाचा दर पाच रुपयांनी वाढवला की गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून चार पैसे वाचवायचे ते बाजारातच.

घासाघीस मी भरपूर करते, पण माणूस बघून. टेम्पोवाल्याशी करते. त्यानं ठोक घेतलेलं असतं, सांगितलेल्या भावात त्याची ढील असते. गोणपाटावर एक पाटी मांडून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालत नाही, कारण ते दोन रुपये तिच्या रोजातून जातात. तिला सरळ विचारते, "मावशी, अख्ख्या पाटीचं काय घ्याल?" ती मनात जीपभाडं धरते, उन्हाकडं बघते आणि एक आकडा सांगते. बहुतेक वेळा तो सुट्या भावापेक्षा बराच कमी असतो. तिला लवकर घर गाठता येतं, माझी दोन दिवसांची भाजी होते.

वांगी मात्र ज्यांना सगळे मामू म्हणतात त्या भाजीवाल्याकडूनच. देठ हिरवा हवा, काटा बोटाला टोचला पाहिजे, हातात घेतलं की हलकं लागलं पाहिजे. जड वांगं बियाळ निघतं. मी म्हणते, "पलीकडं वीसला किलो लावलेत." मामू मान वर न करता म्हणतात, "उनके बैंगन देखो ताई, फिर मेरे देखो." मी दोन्हीकडची बघते आणि मुकाट्यानं पंचवीस मोजते. वर मिरच्या-कढीपत्ता फुकट. ते त्यांनी घातलं नाही तर मी मागून घेते.

पावसाळा सरताना बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं येतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथं ते अजून पाटीनंच विकलं जातं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया आपसात गोरमाटीत बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. डोळे फाकलेलं, भेगांत पिवळसर झालेलं फळ दोन दिवसांत पिकतं. मिटलेल्या डोळ्यांचं तसंच काळं पडतं. ही पारख मला त्यांच्यातल्याच एकीनं शिकवली, स्वतःची पाटी विकता विकता.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. आपल्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडला जाळपोळ झाली. 2024 ला लोकसभेचा निकाल साडेसहा हजार मतांच्या फरकानं लागला आणि त्यानंतर मोबाइलवर फिरायला लागलं : अमक्या समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका, तमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका. पुढं 2025 मध्ये जिल्हा पोलिसांना आपल्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवावी लागली. जिथं पोलिसाचंही आडनाव वाचून लोक न्यायाचा अंदाज बांधतात, तिथं बाकीच्यांचं काय सांगावं?

माझ्याकडं जेवायला येणाऱ्या एका पोरानं तसला मेसेज मला दाखवला. पोरगं वाईट नाही, कुणीतरी पाठवला म्हणून यानं पुढं पाठवला. मी त्याचं ताट वाढत होते. म्हटलं, "बाबा, यातलं काय काढून घेऊ ते सांग. वांगी मामूची आहेत. ठेच्यातला लसूण बागवानांच्या गाड्यावरचा. भाकरीची ज्वारी ज्या समाजाच्या शेतकऱ्याची आहे, त्याचं नाव तुझ्या मेसेजात पहिलं आहे. दही ज्यांच्या घरून येतं ते दुसऱ्या बाजूचे. भाकरीची टोपली कैकाड्यांनी विणलेली आहे." त्यानं मोबाइल खिशात घातला आणि भाकरी मोडली.

बाजारातली माणसं फार उदार असतात, असं मला म्हणायचं नाही. गरज असते म्हणून सौदा होतो. पाटीतली मेथी संध्याकाळपर्यंत विकली नाही तर जनावरापुढं टाकावी लागते, आणि माझ्याकडं रात्री आठला पोरं ताटावर बसतात. विकणारीनं गिऱ्हाइकाची जात धरली तर तिची मेथी सुकते, मी विकणारीची धरली तर माझी पोरं उपाशी राहतात. शिवाय पुढच्या बाजारी पुन्हा एकमेकींना तोंड दाखवायचं असतं. पूर्वी गावात बलुतं होतं. खळ्यावर कुणाला किती सुपं घालायची हे जन्मावरून ठरलेलं असायचं आणि मागणाऱ्याला वाकून उभं राहावं लागायचं. बाजारात रोख पैसा आला आणि विकणाऱ्याला "परवडत नाही, पुढं व्हा" म्हणायची सोय झाली. ही सोय लहान नाही.

म्हणून बाजार जात विसरतो असंही समजू नका. कोण काय विकतं यावरून इथं सगळ्यांना सगळ्यांची जात कळते. चपला शिवणारा, केरसुण्या विकणारी, लोखंड ठोकणारे घिसाडी यांच्या वाट्याला बहुतेक बाजारांत कडेचीच, उन्हाची जागा येते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधीच्या बाजारात ताडपत्री, डाळ, मिरची, चहापत्तीला गर्दी उसळते, मग गावंच्या गावं कुलूपबंद होतात आणि बाजार ओसरतो. त्या टोळ्यांत अनेक जाती असतात, मेसेज पाठवणाऱ्यांच्याही आणि ज्यांच्यावर बहिष्कार टाकायचा त्यांच्याही. उचल फेडायला दोघंही एकाच फडात उतरतात. जात आहेच, पण सौदा मोडण्याइतकी ताकद बाजार तिला देत नाही. आज आपल्याला एवढंही पुष्कळ आहे.

मग या जागेची आपण काय कदर करतो? तालुक्याच्या गावातले बाजार बघा. पावती फाडायला माणूस वेळेवर हजर असतो, पण पाण्याचा नळ आणि सावली बऱ्याच ठिकाणी शोधावी लागते. पहाटे घरून निघालेली बाई अंधार पडेपर्यंत बसते आणि दिवसभर पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं हा प्रश्न असतो. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 सालीच झाला. पिढ्यान्‌पिढ्या विकणारे-घेणारे जिथं जमतात त्या बाजाराला त्यात नैसर्गिक बाजार म्हणून मान्यता आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात, असंही त्यात आहे. बाजारात बसणाऱ्या बायांना विचारून बघा, अशी समिती असते हे किती जणींना माहीत आहे.

माझं मागणं साधं आहे. बाजारातून जमा होणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा बाजारावरच खर्च व्हावा. ओटे, पत्र्याची सावली, नळ आणि बायकांसाठी कडी लागणारं, पाणी असणारं स्वच्छतागृह. बैठकीचा दर मोठ्या अक्षरात लिहिलेला फलक मधोमध लागावा, म्हणजे पावतीवरून वाद होणार नाही.

आणि पुढाऱ्यांना एक विनंती. सण जवळ आले, वातावरण तापलं की तुम्ही शांतता समितीची बैठक घेता. पंख्याखाली चहा-बिस्कीट होतं, त्याच त्या माणसांची भाषणं होतात, फोटो छापून येतो. पुढची बैठक बाजाराच्या दिवशी घ्या, बाजारातच, भर दुपारी, गोणपाटावर बसून. सगळे समाज तिथं आधीच जमलेले असतात, बोलवायला लागणार नाहीत. विषयपत्रिकेवर पहिला विषय स्वच्छतागृहाचा ठेवा. तो मार्गी लागल्यावर भाषणं करा. आम्ही भाजी निवडता निवडता ऐकू.